सी ड्राइव्ह लाल झालाय? फायली डी ला न्या, पण जरा दमानं

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, भावजी कॉम्प्युटर लाल दाखवतोय, अपडेट पण घेईना, आता फॉरमॅट मारायला, म्हणजे ड्राइव्हवरचं सगळं पुसायला, लागतंय काय. मी म्हटलं वहिनी काय मारू नका, कुणाला बोलवू नका, संध्याकाळी दुकान बंद केलं की येतो. माझं कोल्हापूरला मंगळवार पेठेत डीटीपीचं दुकान आहे, पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सची डिझाइनं हे काम, त्यामुळं हार्ड डिस्क भरणं हा प्रकार मला रोजचाच, आणि घरातल्या पाहुण्यापैकी कुणाचा कॉम्प्युटर अडला की फोन माझ्याकडंच येतो. दर वेळी तेच सांगायला लागतं म्हणून आता एकदा सगळं नीट लिहूनच काढतो.

आधी लाल म्हणजे काय ते बघा. धिस पीसी उघडलं की प्रत्येक ड्राइव्हखाली निळी पट्टी असते, दहा टक्क्यापेक्षा कमी जागा उरली की ती लाल होते. वहिनींचा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज बसलेला ड्राइव्ह, २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे नवीन पद्धतीची वेगवान डिस्क, पण विंडोज २३८ च दाखवतं. यात दुकानदारानं फसवलेलं नसतं हो, कंपनी हजाराच्या हिशोबानं जीबी मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशोबानं, म्हणून ५१२ चे ४७६ दिसतात आणि १ टीबीचे ९३१. तर त्या २३८ मधले फक्त ६ जीबी शिल्लक होते. एवढ्यात विंडोजला अपडेट उतरवायला पण जागा पुरत नाही, आणि एसएसडी गच्च भरली की स्लो पण होते. मी साधारण १५ ते २० टक्के जागा कायम मोकळी ठेवा म्हणून सांगतो, २५६ वाल्यांनी ४० जीबी धरा.

आणि गंमत म्हणजे त्याच कॉम्प्युटरमध्ये १ टीबीचा डी ड्राइव्ह रिकामा पडलेला. दोन वर्षांमागं एसएसडी बसवली तेव्हा जुनी हार्ड डिस्क आत तशीच ठेवलेली, पण त्यात फायली टाकायच्या असतात हे घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. हे मी कोल्हापुरात दहा घरात तरी बघितलंय. म्हणून पहिल्यांदा धिस पीसी उघडून डी, ई असं काय दिसतंय का आणि त्यात किती जागा आहे ते बघा, निम्म्या लोकांचं काम तिथंच होऊन जातं.

आता जागा गेली कुठं ते शोधायचं. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात स्टोरेज, जरा थांबलं की कशानं किती जागा खाल्ली त्याची यादी येते. वहिनींच्या इथं डेस्कटॉप ५८ जीबी, व्हिडिओ ४७, डाउनलोड्स ४१. व्हिडिओ म्हणजे आमच्या पुतण्याचे शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे, पेठेची मॅच असली की पोरगं सगळी मॅच मोबाइलवर काढतंय आणि घरी येऊन कॉम्प्युटरला ओततंय. मोठ्या फायली शोधायला अजून एक सोपी युक्ती, सी ड्राइव्ह उघडून वर सर्चच्या चौकोनात size:gigantic असं टाइप केलं की ४ जीबीच्या वरच्या सगळ्या फायली समोर येतात. फक्त त्यात विंडोजच्या स्वतःच्या पण येऊ शकतात, हायबरफिल आणि पेजफाइल असल्या नावाच्या, त्यांना हात लावू नका.

डेस्कटॉपचं मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे. डेस्कटॉप म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरची जागा, तिथं ठेवलं की ड्राइव्ह भरत नाही असं लई जणांना वाटतं. तसं नाही. डेस्कटॉप हे सी ड्राइव्हमधल्या युजर्स, त्याच्या आत तुमच्या नावाचं फोल्डर, त्याच्या आतलं साधं फोल्डरच आहे. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, व्हिडिओज, म्युझिक हे पण तिथलेच. म्हणजे स्क्रीनवर जे काय पसरलंय ते सगळं सी मध्येच आहे, आणि विंडोज बसलेल्या ड्राइव्हला काय झालं आणि कुणी घाईनं फॉरमॅट मारला तर सगळ्यात आधी तेच जातं. म्हणूनच मी वहिनींना फोनवर पहिलं वाक्य ते बोललो.

आता हलवायचं. काय हलवायचं नाही ते आधी ऐका. विंडोज फोल्डर, प्रोग्रॅम फाइल्स, प्रोग्रॅम डेटा, अख्खं युजर्स फोल्डर, ॲपडेटा, यातलं काहीही कट करून डी ला टाकायचं नाही, कितीबी जागा खाऊ दे. सॉफ्टवेअर तिकडं टाकली की चालत नाहीत, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, त्यांचा जुना पत्ता असतो. दुकानदार लोकांनी टॅलीचा, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा असाच उचलून टाकू नये, आधी टॅलीतनं बॅकअप घ्यायचा, मग डेटा हलवून टॅलीच्या आतच नवीन पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, द्यायचा, आणि कंपनी उघडून शेवटचं व्हाउचर दिसतंय का बघूनच जुनं काढायचं. माझ्या धंद्यातल्या लोकांना एक सांगतो, कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो लिंक करून ठेवलेले असतील, नाहीतर व्हिडिओ एडिटिंगचं प्रोजेक्ट असेल, तर फोल्डर हलवलं की फाइल सापडत नाही म्हणून दाखवणार. त्यामुळं अर्ध्यावरचं काम आधी पूर्ण करा, पार्टीला डिलिव्हरी द्या, मग हलवा.

हलवायची बरोबर पद्धत कट पेस्ट नाही, लोकेशन बदलणं ही आहे. यात फायद्याची गोष्ट अशी की डेस्कटॉप दिसायला होता तसाच राहतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही फरक कळत नाही, पण आतला माल डी वर जातो आणि पुढं जे काय सेव्ह होईल ते पण तिकडंच जातं.

त्यासाठी डी ड्राइव्हमध्ये आधी एक फोल्डर करा आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज अशी वेगवेगळी फोल्डरं करा. नावं इंग्रजी अक्षरात ठेवा, जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावाचा पाथ झेपत नाही, आणि नावं लांबलचक नकोत, पूर्ण पत्ता २६० अक्षराच्या वर गेला की विंडोज कॉपी करताना कुरकुर करतं. मग सगळे प्रोग्रॅम बंद करा, वर्ड, कोरल, ब्राउझर सगळं. युजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये जा, डाउनलोड्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वर लोकेशन नावाचा टॅब दिसेल, त्यात मूव्ह दाबा, डी मधलं डाउनलोड्सचं फोल्डर निवडा, अप्लाय दाबा. तो विचारेल जुन्या जागेवरच्या सगळ्या फायली नवीन जागेवर हलवू का, येस म्हणायचं. मग थांबायचं. ४१ जीबी हार्ड डिस्कवर जायला वेळ लागतो, चहा प्या, पण मध्ये कॅन्सल दाबू नका आणि लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा. आपल्याकडं पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, डेस्कटॉप कॉम्प्युटरला यूपीएस नसेल तर आभाळ आलेल्या दिवशी हे काम काढूच नका.

डाउनलोड्सपासनं सुरुवात करा म्हणतो ते मुद्दाम, त्यात जीव अडकलेलं काही नसतं, एकदा हात बसला की मग डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सकडं वळा.

इथं दोन चुका होतात आणि दोन्ही निस्तरायला त्रासाच्या आहेत. एक, मूव्ह दाबून थेट डी ड्राइव्हच निवडणं, आत फोल्डर न करता. मग अख्खा डी ड्राइव्हच डॉक्युमेंट्स होऊन बसतो, आणि ते परत फिरवायला डोकं खपतं. दुसरी, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स दोघांना एकच फोल्डर दाखवणं, मग दोन्हीकडं सगळं एकत्र दिसतं आणि एकीकडनं पुसलं की दुसरीकडनं पण जातं. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र फोल्डर, याच्यात सूट नाही. आणि लोकेशन कधीही पेनड्राइव्हला किंवा बाहेरनं लावायच्या हार्ड डिस्कला देऊ नका, वायर काढली की अख्खा डेस्कटॉपच गायब.

तुमच्याकडं लोकेशनमध्ये वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवण, असं नाव दिसत असेल तर थांबा. नवीन लॅपटॉपात पहिल्यांदा चालू करतानाच वनड्राइव्हचा बॅकअप चालू होतो, आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे वनड्राइव्हच्या फोल्डरात जाऊन बसतात. फुकट जागा ५ जीबीच असते, ती भरली की रोज मेसेज यायला लागतात. आधी खाली उजवीकडच्या ढगाच्या चित्रावर क्लिक करून सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि तिथनं एकेक फोल्डर बंद करायचं. बंद केल्यावर डेस्कटॉप अचानक रिकामा दिसू शकतो, घाबरू नका, फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात, तिथनं उचलून परत आणायच्या. फक्त एक लक्षात ठेवा, वनड्राइव्हच्या फोल्डरातली फाइल डिलीट केली की ती इंटरनेटवरनं पण जाते. जागाच मोकळी करायची असेल तर फाइलवर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस आहे, त्यानं कॉम्प्युटरवरची प्रत जाते आणि वरची राहते. या दोन गोष्टीत लोक गल्लत करतात आणि मग रडतात.

ज्यांच्याकडं डी ड्राइव्ह नाहीच त्यांचं काय. काही जण सी चेच दोन तुकडे करतात, त्यानं जागा एक जीबीनंही वाढत नाही, एकाच भाकरीचे दोन तुकडे केल्यासारखं आहे ते. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून बघून घ्या, बऱ्याच मॉडेलमध्ये दुसऱ्या डिस्कची जागा रिकामी असते, आणि जुन्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथं कॅडी नावाचा सांगाडा बसवून त्यात अडीच इंची डिस्क बसते. राजारामपुरीत हे काम करून देणारी दुकानं आहेत, फक्त जाताना कॅडीची जाडी साडेनऊ मिलिमीटर लागते का १२.७ ते बघायला सीडी ड्राइव्ह सोबत न्या. ते पण जमत नसेल तर बाहेरची हार्ड डिस्क.

बाहेरच्या डिस्कवर नेताना मात्र लोकेशनची पद्धत नाही, तिथं हातानंच कॉपी करायचं. आणि मी कॉपी म्हणतोय, कट नाही. हे मी अनुभवानं सांगतोय. २०१६ ला धाकट्या बहिणीच्या लग्नाचे फोटो मी कंट्रोल एक्स करून बाहेरच्या डिस्कवर टाकत होतो, अर्ध्यात वायर हलली, डिस्कचं कनेक्शन तुटलं, आणि परत लावली तर हळदीचे आणि पाठवणीचे फोटो ना इकडं ना तिकडं. फोटोग्राफरनं पण त्याच्याकडचे तोपर्यंत उडवलेले. बहीण कधी बोलली नाही, पण दर वाढदिवसाला अल्बम उघडला की हळदीची पानं रिकामी दिसतात आणि मला ते टोचतं. तेव्हापासनं माझा नियम ठरलेला आहे, आधी कॉपी, मग तपासणी, मग एक रात्र जाऊ द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी डिलीट.

तपासणी म्हणजे काय, दोन्हीकडच्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, शेजारी शेजारी ठेवा आणि फायलींची संख्या आणि साइज जुळवा. साइज ऑन डिस्क नावाची ओळ जुळणार नाही, ती प्रत्येक डिस्कची वेगळी असते, तिकडं बघू नका, नुसती साइजची ओळ बघा. ती बाइटपर्यंत सारखी पाहिजे. मग कॉपी केलेल्यातले मधले मधले पाच सहा फोटो आणि एक दोन व्हिडिओ उघडून बघा, व्हिडिओ शेवटापर्यंत ओढून बघा. एवढं केलं तरच जुनं काढायला मोकळे.

बाहेरच्या डिस्कवर मोठा व्हिडिओ जाईना आणि फाइल लई मोठी आहे म्हणून मेसेज आला, तर डिस्क खराब नाही, ती फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात ४ जीबीच्या वरची फाइल बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करायला लागते, पण फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं जाणार, म्हणून आधी रिकामी करून घ्या. आणि वायर निळ्या यूएसबीला लावा, काळ्याला लावली तर रात्र जाईल. काढताना इजेक्ट करूनच काढा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सी वरनं डी ला नेलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. जागा झाली, एवढंच. फोटो आधी एका ठिकाणी होते, आताही एकाच ठिकाणी आहेत, उलट जुन्या हार्ड डिस्कवर गेले. आणि सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतील तर ती डिस्क गेली की दोन्ही गेले.

आपल्या गावात तर हे जास्तच कळायला पाहिजे. ऑगस्ट २०१९ ला पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा शाहूपुरीत आमच्या एका पाहुण्यांचं घर तळमजल्यावर. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोक्याची पातळी, ती ओलांडून पाणी वरच चढत गेलं, माणसं बाहेर काढायची का सामान, अशी वेळ. माणसं निघाली, कॉम्प्युटर टेबलावर राहिला आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. त्यांनी काहीच चुकवलं नव्हतं, दोन प्रती ठेवल्या होत्या, पण दोन्ही एकाच घरात, एकाच पातळीला. आजोबांचे सगळे स्कॅन केलेले फोटो त्यात होते, पैलवानकीतले, शाहूपुरी तालमीतले. चिखल काढताना काकूंनी भांडी नाही विचारली, ते फोटो विचारले. २०२१ च्या जुलैला पाणी परत आलं तेव्हा त्या घरात हरवायला फोटोच उरले नव्हते.

म्हणून माझ्या हातनं जे कॉम्प्युटर जातात त्यांना मी सांगतोच, घरच्या फोटोंची दुसरी प्रत एका छोट्या डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेवा, उंचावरच्या. नदीकाठच्या पेठेत राहणाऱ्यांनी राजारामपुरीतल्या पाहुण्याकडं ठेवली तर उत्तम. प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर्षातनं दोनदा लावून बघा, नुसती पडून राहिलेली डिस्क पण खराब होते. महत्त्वाचं तेवढं इंटरनेटवर पण टाका, गुगलची फुकट १५ जीबी मिळते पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघात मिळून, आणि जून २०२१ पासनं फोटो पण त्यातच मोजतात, त्यामुळं फुटबॉलचे व्हिडिओ तिथं टाकायच्या भानगडीत पडू नका. सातबारा, आधार, मुलांचे दाखले, आणि निवडक दोनतीनशे फोटो, यांना ती जागा भरपूर.

राहिलेलं किरकोळ. डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जातं आणि तिथं सी चीच जागा धरून बसतं, ते एम्प्टी केल्याशिवाय पट्टी निळी होत नाही. स्टोरेजमध्ये टेम्पररी फाइल्स आहे तिथनं कचरा काढा, पण त्या यादीत डाउनलोड्स पण असतं, त्याची टिक काढलेली आहे का बघूनच रिमूव्ह दाबा, यात लोकांचे पगाराचे कागद गेलेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून ज्यांनी ११ घेतलं त्यांच्याकडं विंडोज ओल्ड नावाचं भलंमोठं फोल्डर दिसेल, ते जुन्यावर परत जाण्यासाठी असतं आणि दहा दिवसांनी आपोआप जातं, तोवर राहू दे.

वहिनींचं काम दोन संध्याकाळीत झालं. पहिल्या दिवशी डाउनलोड्स आणि व्हिडिओ, रात्रभर तसंच ठेवलं, दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप. सी ला १५० च्या वर जीबी मोकळी झाली, अपडेट पण उतरलं, आणि डेस्कटॉपवर त्यांच्या भिशीच्या हिशोबाची एक्सेल होती तिथंच आहे हे बघून त्या निवांत झाल्या. पुतण्याला मी बसवून सांगितलं, मॅचचे व्हिडिओ चाळायचे, गोल झालेले ठेवायचे, बाकीचे काढायचे, त्यानं दोन तास बसून ३० जीबी स्वतःच कमी केलं.

फोटोंची दुसरी प्रत एका ५०० जीबीच्या डिस्कवर घेतली, डब्यावर वहिनींनी मार्करनं नाव आणि तारीख घातली, आणि रविवारी आत्याकडं जेवायला गेलो तेव्हा ती तिच्या वरच्या मजल्यावरच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली ठेवून आलो. मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत, ती परत आणायची आणि त्यात यंदाच्या जोतिबाच्या यात्रेचे फोटो घालायचे असं ठरलंय.